घटक ५ : मुक्तस्रोत विदागार, त्याचा समाज आणि मराठी भाषा

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :

१. विदागार आणि मुक्तस्रोत आज्ञावली या संकल्पना स्पष्ट करता येतील.
२. पोस्टग्रेसएसक्यूएल या विदागाराची वाटचाल आणि त्याच्या समाजाची कार्यपद्धती सांगता येईल.
३. वर्णक्रम आणि सामान्यरूप या मराठीच्या वैशिष्ट्यांचा विदागाराशी असलेला संबंध उदाहरणांसह विशद करता येईल.
४. अशा कामात मराठीच्या अभ्यासकाला कोणते योगदान देता येते, याचा विचार करता येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण संगणकावरील देवनागरी लेखन आणि युनिकोड यांची ओळख करून घेतली. मराठी अक्षरे संगणकावर उमटली म्हणजे भाषेचे काम संपले, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तेथून ते सुरू होते. लिहिलेला मजकूर साठवावा लागतो, क्रमाने लावावा लागतो आणि हवा तेव्हा शोधून काढावा लागतो. ही तीन कामे विदागार करते.

काही वर्षांपूर्वी एका बोलीच्या अभ्यासासाठी मी मुलाखतींचे लेखन संगणकावर साठवले होते. त्यात ‘पाणी’ हा शब्द शोधला, तेव्हा मोजकीच वाक्ये हाती आली. बोलणाऱ्या बायका तर विहिरीविषयी आणि पाण्याविषयीच बोलत होत्या. थोड्या वेळाने उलगडा झाला. मजकुरात ‘पाण्याला’, ‘पाण्यात’, ‘पाण्यावाचून’ असे शब्द होते. यंत्राच्या दृष्टीने त्यांचा ‘पाणी’ या शब्दाशी काहीही संबंध नव्हता. दोष यंत्राचा नव्हता. मराठीचे व्याकरण त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

ते कोणी सांगायचे, कोणाला सांगायचे आणि सांगितलेले स्वीकारले कसे जाते, हे प्रश्न या घटकाच्या मुळाशी आहेत. त्यांची उत्तरे शोधताना आपण पोस्टग्रेसएसक्यूएल हे एक विदागार उदाहरणादाखल घेणार आहोत. पुढे सोयीसाठी त्याला ‘पोस्टग्रेस’ म्हणू.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ विदागार आणि मुक्तस्रोत : संकल्पना

‘विदा’ म्हणजे डेटा आणि ‘विदागार’ म्हणजे डेटाबेस. नोंदी सुव्यवस्थितपणे साठवणारी, एकाच वेळी अनेकांना त्या वापरू देणारी आणि मध्येच वीज गेली तरी पूर्ण झालेला व्यवहार न गमावणारी व्यवस्था, असे तिचे वर्णन करता येईल. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, ग्रंथालयाची सूची या सर्वांमागे एखादे विदागार असते.

आज्ञावलीची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची आणि इतरांना देण्याची मोकळीक ज्या परवान्याने मिळते, त्या परवान्याखालील आज्ञावलीला ‘मुक्तस्रोत’ म्हणतात. येथे ‘मुक्त’ म्हणजे केवळ ‘फुकट’ नव्हे. पोस्टग्रेसचा परवाना तर इतका मोकळा आहे, की ती संहिता घेऊन कोणी स्वतःचे उत्पादन तयार करून विकले तरी हरकत नाही. स्वामित्वाची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा, एवढीच अट आहे.

संहिता सर्वांच्या हाती गेली की तिची शुद्धता राखायची कशी, हा प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्याला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद वाढले, तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी पदरची ओवी घालू नये, असे बजावले. मुक्तस्रोत समाज या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रीतीने देतो. तो भर घालण्यास बंदी करत नाही. मात्र प्रत्येक भर सर्वांसमक्ष तपासल्यावाचून मुख्य संहितेत येऊ देत नाही.

५.२.२ पोस्टग्रेसची वाटचाल

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांनी सत्तरच्या दशकात ‘इन्ग्रेस’ या विदागारावर काम केले होते. त्यानंतरचा प्रकल्प म्हणून १९८६ मध्ये ‘पोस्टग्रेस’ सुरू झाला. ‘इन्ग्रेसनंतरचे’ असा या नावाचा अर्थ. स्टोनब्रेकर यांना पुढे २०१४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

प्रकल्प लोकप्रिय झाला आणि अडचण उभी राहिली. वापरणाऱ्यांच्या शंका आणि तक्रारी यांतच संशोधकांचा वेळ जाऊ लागला. अखेर ४.२ या आवृत्तीबरोबर विद्यापीठाने प्रकल्प थांबवला. म्हणजे आज्ञावली नापसंत होती म्हणून नव्हे, तर तिला आधार देण्याचा भार एका लहान गटाला पेलेना म्हणून ती थांबली. हा मुद्दा ध्यानात ठेवा.

१९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी तिला एसक्यूएल या प्रश्नभाषेची जोड दिली आणि ‘पोस्टग्रेस ९५’ या नावाने ती खुली केली. १९९६ मध्ये विद्यापीठाबाहेरच्या स्वयंसेवकांनी हे काम हाती घेतले. त्याच वर्षी ‘पोस्टग्रेसएसक्यूएल’ हे नाव ठरले. एकमेकांना प्रत्यक्ष न भेटलेली, वेगवेगळ्या देशांतली माणसे केवळ पत्रव्यवहाराच्या आधारे एक संहिता सांभाळू लागली. विद्यापीठाला जो भार जड झाला, तो विखुरलेल्या समाजाने वाटून घेतला.

५.२.३ एखादी दुरुस्ती स्वीकारली कशी जाते

समजा, एखाद्याला पोस्टग्रेसमध्ये नवी सोय आणायची आहे. त्याचा प्रवास साधारणपणे असा होतो :

(अ) प्रस्ताव : प्रथम कल्पना सर्वांसमोर मांडली जाते. ही चर्चा खुली असते आणि कायमची जतन केली जाते. एखादा निर्णय का घेतला, हे वीस वर्षांनंतरही वाचता येते.

(आ) परीक्षण : प्रत्यक्ष बदल ‘पॅच’ म्हणजे दुरुस्तीच्या रूपाने सादर होतो. वर्षातून पाच वेळा, प्रत्येकी सुमारे महिनाभर, नवे काम थोडे बाजूला ठेवून प्रलंबित दुरुस्त्या तपासल्या जातात. जो स्वतःची दुरुस्ती सादर करतो, त्याने तितक्याच तोलाची दुसऱ्याची दुरुस्ती तपासावी, अशी अपेक्षा असते. आपल्याकडील शेतीच्या कामांतला सावड किंवा इर्जिक हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रीत चटकन समजेल.

(इ) कसोटी : दुरुस्तीसोबत तिच्या चाचण्या आणि तिचे लेखी विवेचन द्यावे लागते. विवेचन नसेल तर काम अपुरे मानले जाते. मुख्य संहितेत आलेला बदल स्वयंसेवकांनी उपलब्ध करून दिलेल्या वेगवेगळ्या प्रकारच्या संगणकांवर आपोआप तपासला जातो.

(ई) समावेश : मुख्य संहितेत बदल नोंदवण्याचा अधिकार थोड्या अनुभवी व्यक्तींनाच असतो. तो पदाने वा पैशाने मिळत नाही. दीर्घकाळ केलेल्या चोख कामातून मिळतो.

या समाजातील अनेक जण निरनिराळ्या कंपन्यांत पगारी नोकरी करतात आणि त्या कंपन्यांच्या वतीने हे काम करतात. म्हणून एक दक्षता घेतली जाते. मध्यवर्ती समितीत कोणत्याही एका कंपनीची माणसे निम्म्यांहून अधिक नसावीत, असा संकेत आहे. २०२० मध्ये एका कंपनीने दुसरी विकत घेतल्यामुळे हा तोल बिघडला. तेव्हा दोन नवे सदस्य घेऊन तो सावरण्यात आला.

स्वयं-अध्ययन प्रश्न १

(१) बर्कली येथील प्रकल्प कोणत्या कारणाने थांबवण्यात आला?
(२) दुरुस्ती सादर करणाऱ्याकडून समाजाची कोणती अपेक्षा असते?
(३) मध्यवर्ती समितीविषयीचा संकेत कोणता?

५.२.४ आधार देणे म्हणजे काय

नवे काही निर्माण करणे जितके आकर्षक, तितके जुने सांभाळणे नीरस वाटते. परंतु विदागार वापरणाऱ्याचा विश्वास त्या सांभाळण्यावरच उभा असतो. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती साधारणपणे दरवर्षी निघते आणि प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे आधार दिला जातो. त्या काळात दर तीन महिन्यांनी केवळ दोषनिवारणाच्या छोट्या आवृत्त्या निघतात. त्यांत नव्या सोयी घालत नाहीत. कारण चालत्या कामात अनपेक्षित बदल नको असतो.

आधार देण्याचे काम दोष कळवणाऱ्यापासून सुरू होते. ‘चालत नाही’ एवढेच कळवणे निरुपयोगी ठरते. कोणती आवृत्ती, कोणती कृती केली, काय घडेल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय घडले, या चार गोष्टी नेमकेपणाने लिहाव्या लागतात. हे कौशल्य आज्ञावली लिहिण्याचे नाही. निःसंदिग्ध गद्य लिहिण्याचे आहे. भाषेच्या विद्यार्थ्याने याची नोंद घ्यावी.

५.२.५ वर्णक्रमाचा प्रश्न

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. ‘काळ’, ‘काव्य’, ‘काहूर’ हे तीन शब्द क्रमाने लावायचे आहेत. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला एक क्रमांक दिलेला आहे आणि तेथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी येतो. केवळ त्या क्रमांकांनुसार लावले तर काळ, काव्य, काहूर असा क्रम लागतो. परंतु आपण शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. त्यानुसार काव्य, काहूर, काळ असा क्रम हवा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचेही तसेच. यंत्राच्या दृष्टीने ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त चिन्ह आणि ष. म्हणून तो ‘क’च्या शब्दांत जातो. वर्णमालेत मात्र तो शेवटी असतो.

तात्पर्य, वर्णांचे क्रमांक आणि भाषेचा वर्णक्रम या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रत्येक भाषेचा वर्णक्रम स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात मराठीसह अनेक भाषांचे असे नियम नोंदलेले आहेत. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, आयसीयू या साधनाच्या द्वारे ते वापरता येतात.

वर्णक्रम ही किरकोळ बाब आहे, असे कोणाला वाटेल. २०१८ मध्ये घडलेला एक प्रसंग पाहा. लिनक्स प्रणालीतील ‘जीलिबसी’ या पायाभूत साधनाची २.२८ ही आवृत्ती आली आणि तीत अनेक भाषांचे क्रमनियम बदलले. बदल चांगल्या हेतूने, नव्या मानकाला धरून केलेला होता. परंतु पोस्टग्रेससारखे विदागार शोध वेगाने व्हावा म्हणून क्रमवार निर्देशसूची तयार करून ठेवते. ती सूची जुन्या क्रमाने लावलेली आणि शोधणारे यंत्र नव्या क्रमाने चालणारे, अशी स्थिती झाली. एखाद्या ग्रंथालयातील कार्डे जुन्या क्रमाने लावलेली असावीत आणि नव्या ग्रंथपालाने नव्या क्रमानुसार खण उघडावा, तसे हे होते. नोंद असूनही सापडेना. ती ‘नाही’ असे समजून दुसऱ्यांदा दाखल होण्याचा धोका निर्माण झाला.

येथे समाजाचे काम दिसून आले. दोष पोस्टग्रेसच्या संहितेत नव्हता, तरी समाजाने ‘आमचा प्रश्न नाही’ असे म्हटले नाही. कोणत्या प्रणाली बाधित होतात, ते कसे ओळखावे आणि निर्देशसूची पुन्हा कशी बांधावी, याची माहिती सर्वांसाठी लिहून ठेवली गेली. पुढील आवृत्त्यांत वर्णक्रमाच्या नियमांची आवृत्तीही नोंदवून ठेवण्याची आणि ती बदलल्यास इशारा देण्याची सोय वाढवण्यात आली.

५.२.६ शोध आणि सामान्यरूप

प्रस्तावनेतील ‘पाणी’ या शब्दाकडे परत येऊ. मजकुरातील शोध परिणामकारक व्हावा म्हणून शब्दाची निरनिराळी रूपे एका खुणेखाली आणावी लागतात. या प्रक्रियेला आपण ‘मूलांशन’ म्हणू. मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये इंग्रजीसाठी प्रत्यय गाळण्याची एक रीत प्रसिद्ध केली. पुढे असे नियम लिहिण्यासाठी त्यांनी ‘स्नोबॉल’ नावाची छोटी आज्ञाभाषाच तयार केली. निरनिराळ्या भाषांचे जाणकार तीत आपापल्या भाषेचे नियम लिहितात आणि पोस्टग्रेस ते तेथून घेते. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीत नेपाळी आणि तमिळ, तर २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत हिंदी अशा प्रकारे आली. या दोन्ही आवृत्त्यांच्या याद्यांत मराठी नाही.

वस्तुतः मराठीला मूलांशनाची गरज हिंदीपेक्षा अधिक आहे. हिंदीत ‘घर में’, ‘घर से’, ‘घर पर’ असे परसर्ग नामापासून सुटे लिहितात. त्यामुळे ‘घर’ हा शब्द जसाच्या तसा सापडतो. मराठीत ‘घरात’, ‘घराहून’, ‘घरावर’, ‘घरासमोरच्या’ असे सारे जोडून लिहिले जाते. शिवाय प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. पुढील तक्ता पाहा :

घर – घरा – घरात
रस्ता – रस्त्या – रस्त्यावर
पाणी – पाण्या – पाण्याला
फूल – फुला – फुलांचे
माणूस – माणसा – माणसाने
देऊळ – देवळा – देवळात

पहिल्या तीन उदाहरणांत प्रत्यय आणि शेवटचा स्वरांश गाळला की घर, रस्त, पाण अशा खुणा उरतात. ‘पाण’ हा शब्द कोशात नाही, पण त्याने बिघडत नाही. ‘पाणी’ आणि ‘पाण्याला’ या दोहोंची खूण एकच आली, की शोध साधतो. पुढील तीन उदाहरणे मात्र इतकी सरळ नाहीत. ‘फूल’मधील दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, ‘माणूस’मधला लोप पावतो आणि ‘देऊळ’मध्ये ‘ऊ’च्या जागी ‘व’ येतो. यांसाठी स्वतंत्र नियम लिहावे लागतात. ‘पाऊस – पावसात’ हे ‘देऊळ’प्रमाणे आणि ‘कापूस – कापसाचा’ हे ‘माणूस’प्रमाणे चालते, हे व्याकरण जाणणाऱ्याच्याच ध्यानात येते.

उलट बाजूने अतिरेकही होतो. ‘-ात’ दिसला की गाळा, असा नियम केला तर ‘वरात’चा ‘वर’ होईल. ‘-ही’ हे अव्यय गाळायला जावे तर ‘दही’मधला केवळ ‘द’ उरेल. माळ (ओवलेली), माळ (उजाड पठार), माळा आणि माळी या चारही नामांची रूपे गाळत गेल्यास एकाच ‘माळ’पाशी पोहोचतात. फुलांची माळ शोधणाऱ्यास माळ्यावरचे सामान दिसेल. कोठे थांबायचे, हे ठरवण्यासाठी भाषेची जाण लागते.

लेखनाच्या इतिहासाचाही येथे संबंध येतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात एकवचनीही ‘घरांत’ असे लिहिलेले आढळते. आज ‘घरांत’ हे अनेकवचन आहे. शिवाय ‘दऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे टंकलिखित होतो. एकात ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण असतो आणि दुसऱ्यात ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न २

(१) युनिकोडमधील क्रमांकांनुसार ‘ळ’ कोठे येतो?
(२) मूलांशनात उरलेला अंश कोशातील शब्द असावाच लागतो काय?
(३) हिंदीच्या तुलनेत मराठीला मूलांशनाची गरज अधिक का?

५.२.७ मराठीच्या अभ्यासकाची जागा

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती वा घरकाम सांभाळून ही पदवी घेत आहेत. आज्ञावली लिहिता येत नाही, तेव्हा या जगाशी आपला संबंध काय, असे तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वरील विवेचनातून त्याचे उत्तर मिळते. मराठीचे नियम यंत्राला समजेल अशा भाषेत लिहिणारा कोणीतरी लागेल. परंतु नियम बरोबर आहेत की नाहीत, हे ठरवण्यासाठी शब्द आणि त्यांची रूपे यांच्या काळजीपूर्वक तपासलेल्या याद्या लागतील. अपवाद शोधावे लागतील. बोलींतील रूपे नोंदवावी लागतील. हे काम मराठीच्या विद्यार्थ्याचे आहे.

मुक्तस्रोत समाजात भाषेचा समावेश अर्ज करून किंवा अभिमान सांगून होत नाही. तेथे कोणी मराठीला दार बंद केलेले नाही, आणि तिच्या वतीने दुसरा कोणी आत जाईल असेही नाही. काम करून द्यावे लागते. ते इतरांच्या तपासणीला उतरावे लागते आणि पुढे वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. तपासणारा परदेशी असेल, मराठी न जाणणारा असेल. त्याला आपली भाषा उदाहरणांसह पटवून द्यावी लागेल. व्याकरणाच्या अभ्यासाचा असा उपयोग आपल्या अभ्यासक्रमात सहसा सांगितला जात नाही. म्हणून तो येथे सांगितला.

५.३ सारांश

पोस्टग्रेस हे विद्यापीठात जन्मलेले आणि आधाराचा भार न पेलल्यामुळे थांबलेले विदागार १९९६ पासून एका विखुरलेल्या समाजाने सांभाळले. खुली चर्चा, परस्पर परीक्षण, चाचण्या, लेखी विवेचन आणि जुन्या आवृत्त्यांना ठरावीक काळ आधार ही त्या समाजाची वैशिष्ट्ये होत. वर्णक्रम आणि शब्दरूपे हे प्रश्न तांत्रिक वाटले, तरी मुळात भाषिक आहेत. मराठीतील सामान्यरूप, जोडून येणारे प्रत्यय आणि लेखनभेद यांची व्यवस्था लावल्यावाचून मराठी मजकुराचा शोध अपुरा राहतो. या कामात भाषेच्या अभ्यासकाला निश्चित स्थान आहे.

५.४ पारिभाषिक शब्द

विदागार : नोंदी साठवण्याची व शोधण्याची संगणकीय व्यवस्था, डेटाबेस.
मूळ संहिता : आज्ञावलीचा माणसाने लिहिलेला, वाचता येणारा मजकूर.
निर्देशसूची : शोध वेगाने व्हावा म्हणून क्रमवार लावलेली सूची, इंडेक्स.
मूलांशन : शब्दाची विविध रूपे एका खुणेखाली आणण्याची प्रक्रिया.
परसर्ग : नामानंतर येणारा, संबंध दाखवणारा शब्द.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) वापरणाऱ्यांना आधार देण्याचा भार वाढल्यामुळे. (२) तितक्याच तोलाची दुसऱ्याची दुरुस्ती तपासावी. (३) एका कंपनीचे सदस्य निम्म्यांहून अधिक नसावेत.

प्रश्न २ : (१) ‘ल’नंतर लगेच व ‘व’च्या आधी. (२) नाही. सर्व रूपांची खूण समान असणे पुरेसे. (३) मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहितात आणि नामाचे सामान्यरूप होते.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘आधार देण्याची क्षमता हीच मुक्तस्रोत आज्ञावलीची खरी कसोटी होय.’ या विधानाची पोस्टग्रेसच्या संदर्भात चर्चा करा.
(२) वर्णक्रमातील बदलामुळे विदागारात कोणत्या अडचणी येतात, ते सोदाहरण लिहा.
(३) टिपा लिहा : (अ) दुरुस्तीचे परीक्षण (आ) मूलांशनातील अतिरेक.

उपक्रम : स्थानिक वर्तमानपत्राच्या एका अंकातून प्रत्यय लागलेली पन्नास नामे निवडा. प्रत्येकाचे मूळ रूप, सामान्यरूप आणि प्रत्यय यांचा तक्ता करा. जी नामे कोणत्याही एका नियमात बसत नाहीत, ती वेगळी काढा आणि त्यांची कारणे लिहा. तुमच्या बोलीत याहून वेगळे रूप असल्यास तेही नोंदवा. हा तक्ता संपर्कसत्रात सोबत आणा आणि सहाध्यायाचा तक्ता तुम्ही तपासा, तुमचा त्याला तपासू द्या.